हॅमर कोरल मिटलंय, उघडत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

न्यू जर्सीत माझ्या घरी गेली बारा वर्षं रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल आणि मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, आहे. ओळखीच्या मराठी घरांत आता आणखी सात-आठ टँक झाले आहेत आणि त्यातलं काही बिघडलं की फोन मला येतो. तक्रार जवळजवळ ठरलेली असते. "भावजी, हॅमर दोन दिवस झाले मिटलंय. काय घालू पाण्यात?"

पाण्यात काही घालायचं नाही, निदान आज तरी नाही. मी पाहिलेल्या आजारी हॅमरपैकी बरीचशी मूळ कारणाने मेली नाहीत. घाबरून एकाच संध्याकाळी बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पावडर), आयोडीन, नवा दिवा आणि अर्धं पाणी बदलणं हे सगळं झालं, त्याने ती गेली. म्हणून खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे, सोप्याकडून अवघडाकडे लावला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यानंतर दोन-तीन दिवस थांबा आणि मगच पुढे जा.

हे सगळं हॅमर, टॉर्च आणि फ्रॉगस्पॉन या तिघांना लागू आहे. तिन्ही मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव, आम्ही त्याला 'तोंड'ही म्हणतो), कठीण सांगाड्याची कोरल आहेत. २०१७ मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शास्त्रीय वर्गीकरणात टॉर्चपासून वेगळ्या वंशात गेली, पण दुकानात अजून तिघांना 'युफिलिया'च म्हणतात आणि त्यांच्या तक्रारीही सारख्याच असतात.

लक्षणं

रात्री दिवे गेल्यावर हॅमर आक्रसतं, तो आजार नाही. नवीन आणलेलं किंवा जागा बदललेलं कोरल दोन-चार दिवस अर्धवट उघडतं, तेही चालतं. काळजी करायची ती पुढच्या खुणा दिसल्या तर.

दिवे चालू असताना सलग दोन-तीन दिवस शुंडकं आत ओढलेली. सांगाड्याच्या कडेवरून मांस मागे सरकलेलं आणि खालची पांढरी, धारदार कड उघडी पडलेली. उघडतंय, पण रंग उडून फिकट किंवा पांढरं पडत चाललंय, म्हणजे मांसात राहणारी आणि कोरलला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकली जात आहेत. तोंड उघडं राहिलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आख्खं पॉलिप सांगाड्यातून सुटून पाण्यात तरंगणं.

यातलं एकही लक्षण एकटं कारण सांगत नाही. पाणी खारट झालं तरी हॅमर मिटतं, प्रवाह जोरात लागला तरी मिटतं आणि शेजाऱ्याने डंख केला तरी मिटतंच. त्याच्याकडे बोलायला हा एकच शब्द आहे.

एका खुणेला मात्र क्रम लावत बसायचं नाही. शुंडक्यांवर तपकिरी, बुळबुळीत जेलीसारखा थर दिसला आणि पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर हे सगळं सोडून थेट 'तपकिरी जेली' या भागाकडे जा. तिथे तासांचा हिशोब असतो.

फुकटच्या तपासण्या

आधी दहा मिनिटं टँकसमोर खुर्ची टाकून बसा. एखादा मासा येऊन टोचतोय का? बटू एंजल मासे बरेचदा मांसल कोरल कुरतडतात. क्लाउनफिशला ॲनिमोन मिळाला नाही की ते हॅमरमध्येच घर करतात. मोठ्या हॅमरला ते चालतं, दोन तोंडांच्या छोट्या तुकड्याला दिवसभराचं घुसळणं सोसत नाही. अशा वेळी कोरलवर प्लॅस्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला. दोन दिवसांत ते उघडलं तर कारण सापडलं.

मग प्रवाह बघा. भाताचं शेत वाऱ्यावर हलतं तशी शुंडकं सगळीकडून सावकाश डुलली पाहिजेत. ती एकाच बाजूला आडवी पडून फडफडत असतील, तर पंपाचा झोत थेट लागतोय. सांगाड्याच्या कडा पात्यासारख्या असतात आणि त्यांवर सतत घासून मांस कापलं जातं. पंप जरा वळवा. कोरल हलवण्यापेक्षा पंप वळवणं बरं, कारण कोरल हलवलं की प्रकाशही बदलतो आणि मग कशाने गुण आला ते कळत नाही.

रात्री दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन या, तिच्यावर लाल कागद लावा. दिवसा मिटलेले शेजारी रात्री हात पसरतात. कित्येक कोरल नेहमीपेक्षा खूप लांब, १५ सेंटीमीटरपर्यंतची डंखाची शुंडकं बाहेर काढतात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुधा एकमेकांना सांभाळून घेतात, पण टॉर्चला त्या दोघांच्या शेजारी बसवू नका. दगडाच्या फटीत वाढलेला ऐप्टेशिया, म्हणजे तणासारखा पसरणारा छोटा ॲनिमोनसुद्धा, हळूच जळवत राहतो. त्याच वेळी सांगाड्याच्या बाजूला पारदर्शक, चपटे किडे दिसतात का तेही पाहून घ्या.

हातांचाही विचार करा. आपल्या घरात खोबरेल तेल, हॅंड लोशन, फोडणीचा हात असं काही ना काही असतंच. टँकमध्ये हात घालण्याआधी कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने खळखळून धुवा. झुरळांची फवारणी त्या खोलीत झाली असेल तर ती नोंद अगदी वर लिहा. ती औषधं कोळंबी-खेकड्यांना आधी मारतात, त्यामुळे कोळंबी गायब असेल तर शंका पक्की होते.

खारटपणा आणि तापमान

इथे थोडा वेळ घालवा. मला सापडलेल्या कारणांपैकी साधारण एक तृतीयांश इथेच संपतात.

समुद्राचं पाणी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) असतं, म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. टँकमधून उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. टँकमध्ये खरं पाणी २०० लिटर असेल आणि ८ लिटर उडालं, तर ३५ चं ३६.५ होतं. आठ लिटर ऐकायला फार वाटतात, पण जर्सीच्या जानेवारीत फर्नेस दिवसरात्र चालतं, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लॉंग वीकेंडला घर बंद ठेवून गेलात की तेवढं सहज उडतं. परत आल्यावर बादलीभर गोडं पाणी एकदम ओतलं, तर कोरलला तीन दिवसांत दोन धक्के बसतात. आपोआप पाणी भरणारं ऑटो टॉप-ऑफ यंत्र ही मी कोणालाही सांगतो ती पहिली खरेदी. दिवा आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) त्यानंतर.

मोजण्याचं साधनही तपासा. एका मित्राकडे रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश बघून खारटपणा मोजायचं साधन) वर्षभर ३५ दाखवत होता आणि पाणी प्रत्यक्षात ३१ होतं. तो शुद्ध पाण्याने शून्य लावायचा. शून्य बरोबर आलं तरी वरचा आकडा चुकू शकतो. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्याचे दोन थेंब काचेवर टाकून आकडा ३५ वर लावायचा. काटेवाला स्वस्त हायड्रोमीटर असेल तर त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा वर जातो.

चूक सापडली तरी दुरुस्ती हळू करा, रोज जास्तीत जास्त १ पीपीटी. खारटपणा कमी असेल तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्याऐवजी मिठाचं पाणी भरत जा. आमच्या मित्राच्या टँकला ३१ वरून ३५ वर यायला आठवडा लागला आणि सहाव्या दिवशी टॉर्च उघडलं.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस, म्हणजे इथल्या भाषेत ७७ ते ७९ फॅरनहाइट ठेवा. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, वेगळा थर्मामीटर लावा. हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणून वेगळा कंट्रोलर असलेला बरा. आकडा सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा घ्या, एका वेळच्या मापात दिवसभराची चढउतार दिसत नाही.

प्रकाश

नवा एलईडी लावला किंवा दिव्याची काच पुसली, आणि आठवड्यात कोरल फिकट पडलं, तर उत्तर समोरच आहे. तीव्रता एक तृतीयांशाने कमी करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. हॅमरला ५० ते १५० पारच्या (पार म्हणजे कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) आसपास पुरतं. मीटर महाग असतो, विकत घेऊ नका, बरीच दुकानं भाड्याने देतात.

अल्कलिनिटी

आता खरा मुद्दा. कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतं. त्या कार्बोनेटचा साठा म्हणजे अल्कलिनिटी. डीकेएच हे तिचं एकक. समुद्रात ती ७ डीकेएचच्या जवळपास असते, घरच्या टँकमध्ये ७ ते ९ मध्ये कुठेही चालते. लोक विचारतात, ८ बरी की ९? दोन्ही बऱ्या, पण आज ८ आणि परवा ९.५ हे मात्र बरं नाही. कोरलला आकडा सोसतो, आकड्याची उडी सोसत नाही.

गेल्या वर्षीचं एक घर सांगतो. वहिनींचं हॅमर दर सोमवारी मिटायचं, गुरुवारी थोडं उघडायचं, शनिवारी छान दिसायचं आणि सोमवारी पुन्हा मिटायचं. तीन महिने हे चाललं होतं. एका तोंडाचं मांस अर्ध्यावर आलं होतं. त्या दर शनिवारी सकाळी पाणी तपासायच्या आणि आकडा नेहमी ७.५ च्या आसपास यायचा. वहीत सगळं नीट लिहिलेलं, अक्षर सुरेख. मी म्हटलं, वहिनी, एक आठवडा रोज रात्री नऊला मोजा. रविवारी रात्री ९.७ आली, सोमवारी ९.३, मंगळवारी ८.९. टँक रोज ०.४ खात होता आणि दादा आठवड्याचा बफर रविवारी दुपारी एकदम ओतत होते. वहीत फक्त शनिवार होता, म्हणून तो डोंगर कधी दिसलाच नाही.

म्हणून ही तपासणी अशी करा: सलग सात दिवस, एकाच वेळी, एकाच किटने. किटची मुदत बघा. सिरिंजच्या टोकात हवा राहिली तर आकडा चुकतो. दोन मापांत रोज किती उतरलं ते लिहा, तोच तुमच्या टँकचा रोजचा खप. तेवढंच रोज भरायचं.

भरायला महागडं काही लागत नाही. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. वहिनींच्या २०० लिटरला ०.४ साठी रोज २.४ ग्रॅम. पाकिटावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असावं, बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असतं. शुद्ध पाण्यात विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळू सोडा. आकडा खाली घसरलेला असेल तरी दिवसाला ०.५ पेक्षा जास्त चढवू नका. चढलेला असेल तर भरणं थांबवा, कोरल स्वतःच खाली आणतील.

सांगाडा बांधताना १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं. ते ४२० च्या आसपास आणि मॅग्नेशियम १२८० ते १३५० मध्ये असावं. कॅल्शियमचं द्रावण आणि सोडा एकाच वेळी एकाच जागी कधीच ओतू नका, पांढरा साका होऊन दोन्ही वाया जातात. अल्कलिनिटी कितीही भरली तरी टिकत नसेल, तर मॅग्नेशियम कमी आहे का ते बघा.

वहिनींनी रोजचा डोस सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात सोमवारही शनिवारसारखा दिसू लागला. बाकी काहीही बदललं नव्हतं.

फार स्वच्छ पाणी, आणि वाईट पाणी

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट सोडा. नायट्रेट २ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असलं की हॅमर खुश असतं. दोन्ही शून्य झाले तर कोरल फिकट पडतं आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुड्यांचा शेंबडासारखा थर येतो. तेव्हा फॉस्फेट शोषणारी पावडर काढून टाका आणि माशांना थोडं जास्त खायला घाला.

टँकमध्ये लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ कोरल) असेल तर ते पाण्यात रसायनं सोडून कठीण कोरलशी लढतं. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. दहा-बारा डॉलरचा हा उपाय मी जवळजवळ प्रत्येक घरी करून बघतो, कारण नुकसान होत नाही आणि कधीकधी दोन दिवसांत फरक दिसतो.

नळाचं पाणी वापरू नका. पुष्कळ गावांत क्लोरामाइन घालतात, ते पाणी ठेवून दिल्याने उडत नाही. आरओ-डीआय फिल्टरच्या (पाणी जवळजवळ पूर्ण शुद्ध करणाऱ्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य यायला हवा. तो १ किंवा २ दाखवायला लागला की शेवटची रेझिन बदलायची वेळ झाली.

मिटलेल्या कोरलला पिपेटने खायला घालू नका. ते गिळत नाही, अन्न तिथेच कुजतं.

बाहेर काढून धुणं, कापणं

इथवर आलात आणि मांस अजून मागे सरकतंय, तर कोरल बाहेर काढायची वेळ झाली. टँकचंच पाणी भांड्यात घ्या, त्यात आयोडीनचं डिप (कोरल बुडवून धुवायचं औषध) पाकिटावरच्या प्रमाणात घाला, सांगितलेल्या वेळेपुरतं बुडवून हलवा. भांड्यात चपटे किडे पडले तर पाच-सहा दिवसांनी पुन्हा करा, कारण डिपने अंडी मरत नाहीत. सांगाड्यावर अंडी दिसली तर जुन्या टूथब्रशने खरवडा. हे पाणी टँकमध्ये परत घालू नका.

फांद्यांच्या हॅमरमध्ये एक तोंड गेलं तरी बाकीची वाचतात, म्हणून मेलेली फांदी जिवंत मांसाच्या बरीच खाली, बोन कटरने तोडता येते. गॉगल घाला. सलग भिंतीसारखं हॅमर असेल तर स्वतः कापू नका. त्यात मांस एकसंध असतं, चुकीचा काप आख्ख्या कोरलभर पसरतो. बॅंड सॉ असलेल्या दुकानात न्या.

तपकिरी जेली

टँकचे पंप बंद करा, नाहीतर तुकडे उडून शेजाऱ्यांवर बसतील. बारीक नळीने जेली ओढून बादलीत काढा. मग कोरल उचला, वेगळ्या भांड्यात उरलेली जेली पिपेटने उडवा, आयोडीनचं डिप द्या, बाधित तोंडं तोडून टाका. उरलेला भाग शक्य असेल तर दुसऱ्या छोट्या टाकीत हीटर आणि पंप लावून ठेवा. पंप पुन्हा चालू करायला विसरू नका. एक तोंड गमावून बाकीची पाच वाचवणं हेच इथलं यश आहे, सगळं वाचवायच्या नादात मी एकदा सहाही गमावली.

इथे थांबा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर हात बाहेर, आधी ब्रेकर बंद करा आणि त्यानंतरच पुन्हा पाण्यात हात घाला. फुटलेला हीटर किंवा पंप असतो. टँकच्या सॉकेटला जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, कोरल थांबेल.

टँकमध्ये झोआंथिड (बटणांसारखे दिसणारे मऊ पॉलिप) असतील तर त्यांचा दगड उकळू नका, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासू नका. काहींमध्ये पॅलीटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. वाफ किंवा शिंतोडे गेल्यावर तोंडात कडवट धातूची चव, खोकला, ताप, अंग बधिर होणं असं काही वाटलं तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या पॉयझन कंट्रोलच्या नंबरला फोन करा. श्वास लागत असेल तर थेट ९११.

एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या जातींची कोरल मिटली आणि सगळे आकडे बरोबर आहेत, तर आणखी प्रयोग नकोत. पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला पाठवा, त्यात तांबं, जस्त असे घरच्या किटला न दिसणारे धातू कळतात. गंजलेलं चुंबक किंवा पंपातला स्क्रू हा त्यामागचा नेहमीचा गुन्हेगार. मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर प्रश्न कोरलचा नाही. हवेचा पंप लावा आणि जलचरांच्या डॉक्टरांना गाठा. तसे पशुवैद्य इथे आहेत.

भारतातून विचारणाऱ्यांना एक सांगणं. कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडा, जिवंत असो की वाळलेला, घरी आणू नका. आणि इथून सुट्टीला जाताना सामानात फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) घालून नेण्याचा विचारही करू नका, त्याला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागतात.

सगळं सुधारल्यावर किती दिवस लागतात? उघडायला आठवडा ते तीन आठवडे. मागे सरकलेलं मांस त्या उघड्या कडेवर बहुधा परत चढत नाही, तिथे शेवाळ येतं, ते येऊ द्या. पण आख्खं तोंड मेलेलं दिसलं तरी सांगाडा फेकू नका. माझ्या टँकमध्ये कोपऱ्यात ठेवलेल्या अशाच एका काळ्या पडलेल्या फांदीच्या बगलेतून चौथ्या महिन्यात हिरवे ठिपके फुटले, ज्वारीच्या दाण्याएवढे. आज तिथे तीन तोंडं आहेत.